गाडी हलल्यावर लागणारा दिवा

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, पुढच्या डाव्या चाकाचे बेअरिंग तुम्ही घरीच बदलले आणि इतके दिवस येणारा घोंघावणारा आवाज बंद झाला, हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. मात्र त्याच दिवसापासून डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागून राहतो, हे तुम्ही फोन ठेवता ठेवता सांगितलेत आणि तेव्हापासून माझा जीव त्या दिव्यात अडकला आहे. फोनवर सगळे नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आई, या बाबतीत सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट तू सांगितलीस. किल्ली फिरवल्यावर दिवा लागतो, दोन-तीन सेकंदांत विझतो आणि गाडी थोडी पुढे गेली की पुन्हा लागतो, हे तू शेजारी बसून बरोबर टिपलेस. किल्ली फिरवताच ही यंत्रणा स्वतःची तपासणी करते. चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची वायर तुटली असती किंवा कनेक्टर सुटला असता, तर बहुतेक वेळा ते गाडी उभी असतानाच लक्षात येऊन दिवा विझलाच नसता. येथे तो विझतो, म्हणजे वायर शाबूत असण्याचा संभव अधिक आहे. चाके फिरू लागल्यावर तीन चाकांचा वेग कळतो आणि चौथ्याचा कळत नाही, तेव्हा यंत्रणा एबीएस बंद करून दिवा लावते.

बाबा, तुम्ही पाठवलेल्या फोटोंत हबवर किंवा अॅक्सलवर दातेरी कडे कोठेच दिसत नाही. अशा गाड्यांत चाकाचा वेग ओळखण्याची खूण बेअरिंगच्या सीलमध्येच, म्हणजे त्याच्या बाजूच्या गोल झाकणातच, असते. बेअरिंगच्या दोन्ही बाजू वरवर पाहता सारख्याच वाटतात, पण एका बाजूच्या काळपट, सपाट सीलमध्ये चुंबकाचे उत्तर आणि दक्षिण ध्रुव आळीपाळीने भरलेले असतात, आणि ती बाजू सेन्सरकडेच यावी लागते. बेअरिंग उलटे बसले तर चाक सुरळीत फिरते, आवाजही येत नाही. सेन्सरपर्यंत मात्र काहीच पोहोचत नाही. माझा संशय यावरच आहे. अनेक वर्षे हाताखालून गाड्या गेलेल्या कारागिरांकडूनही ही चूक होते, कारण जुन्या बेअरिंगांना उलट-सुलट असे काही नव्हतेच.

याची खात्री करणे सोपे आहे. जुने बेअरिंग तुम्ही नक्कीच जपून ठेवले असेल. आईच्या शिवणाच्या डब्यातली एक टाचणी त्याच्या दोन्ही सीलना लावून पाहा. एका बाजूला ती हलकेच चिकटेल आणि दुसऱ्या बाजूला गळून पडेल. मग गाडी सपाट जागी उभी करून सेन्सरचा एकच बोल्ट काढा आणि सेन्सर हाताने बाहेर घ्या, पक्कडीने ओढू नका. त्याच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटला असेल तर तो पुसा. नंतर टाचणीला दोरा घट्ट बांधून ती त्या छिद्रातून सीलपर्यंत न्या. दोरा विसरू नका, टाचणी आत पडली तर ती काढणे कठीण होईल. टाचणी चिकटली तर बेअरिंग सुलटे आहे; मग सेन्सर पूर्ण आत बसला नसेल किंवा बेअरिंग बसवताना सीलला मार लागला असेल. टाचणी चिकटलीच नाही, तर बेअरिंग उलटे आहे असे समजा.

मल्टिमीटर मात्र ओहमवर ठेवून या सेन्सरला लावू नका. जुन्या, दातेरी कड्याच्या सेन्सरमध्ये साधी तारेची गुंडाळी असते, तिचा रोध मोजता येतो. या नव्या प्रकारात आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असते, त्यावरून काही कळत नाही आणि ते बिघडूही शकते.

दिवा लागलेला असताना साधे ब्रेक पूर्वीसारखेच लागतात, पण जोरात ब्रेक दाबल्यास चाके जाम होतील आणि त्या क्षणी स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळणार नाही. एबीएस असताना पेडल दाबून धरायचे, सोडायचे नाही, ही सवय तुम्ही मोठ्या कष्टाने लावून घेतलीत. सध्या मात्र चाके घसरू लागली तर तुम्ही गाडी शिकलात तेव्हासारखे पेडल सोडून पुन्हा दाबावे लागेल. म्हणून पाऊस असेल तर गाडी बाहेर काढू नका, आणि पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर ती जागची हलवूच नका. आई, हे तुझ्याकडे सोपवते.

बेअरिंग उलटे निघाले तरी ते घरी ठोकून काढू नका. दाबून काढताना सगळा भार आतल्या गोळ्यांवर येतो, त्यामुळे तेच बेअरिंग पुन्हा वापरता येत नाही. नवे लागेल, आणि ते प्रेसवरच, म्हणजे दाब देणाऱ्या यंत्रावरच, बसवून घ्यावे लागेल. नवे घरी आले की चुंबकाच्या ताटलीत ठेवू नका, त्याने सीलमधले ध्रुव खराब होतात. मी शनिवारी येते तेव्हा एबीएसचे कोड वाचणारा स्कॅनर आणीन. चारही चाकांचा वेग त्यात शेजारी शेजारी दिसतो. डाव्या चाकापुढे शून्यच राहिला तर शंकेला जागा उरणार नाही. बाबा, तोवर टाचणीचे तेवढे पाहून ठेवा, पण जॅकवर उचललेल्या गाडीखाली एकटे जाऊ नका.

तुमची लेक