कॅमेऱ्यामागचे आनंदराव

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चित्रपटाच्या प्रारंभकाळाविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. मात्र कोल्हापुरात तयार झालेल्या स्वदेशी कॅमेऱ्याचे सारे श्रेय त्यात एकट्या बाबूराव पेंटर यांना दिले असून आनंदराव पेंटर यांचा साधा उल्लेखही नाही, याची रुखरुख लागली. सांगलीतील एका चित्रपटगृहात मी अनेक वर्षे प्रोजेक्टर चालवला असल्यामुळे हा विषय मला जवळचा आहे.

आनंदराव व बाबूराव हे नात्याने भाऊ आणि व्यवसायाने नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे चित्रकार. विलायती कॅमेरा घेण्याची ऐपत नसल्याने त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून जुना प्रोजेक्टर मिळवला आणि त्याच्या आधारे कॅमेरा बनवण्याचा घाट घातला. वाचणाऱ्याला यात वेडेपणा वाटेल, पण ज्याने प्रोजेक्टर उघडून पाहिला आहे त्याला वाटणार नाही. दोन्ही यंत्रांचे मर्म एकच आहे: फिल्मची पट्टी अखंड धावत नाही, ती भिंगामागे क्षणभर थांबते, मग पाते आडवे येऊन प्रकाश अडवते आणि त्या अंधारात पट्टी नेमकी एक चौकट पुढे ओढली जाते. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण सोळा वेळा हे घडावे लागे, आणि दात किंचित जरी चुकला तरी पडद्यावरचे चित्र थरथरे. ही नेमकेपणाची कसरत आनंदरावांनी मांडली, पण यंत्र पुरे होण्याआधीच १९१६ साली त्यांचे निधन झाले. पुढे बाबूरावांनी आपले शिष्य दामले यांच्या साहाय्याने १९१८ साली ते तडीस नेले व त्यानंतर १९२० साली 'सैरंध्री' हा त्यांचा मूकपट पडद्यावर आला.

असेच विस्मरण फ्रेंच संशोधक लुई ल प्रँस यांच्या वाट्याला आले. त्यांनी १८८८ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधील लीड्स येथे एका बागेतील माणसांची हालचाल एकाच भिंगाच्या कॅमेऱ्याने कागदी फिल्मवर टिपली; म्हणजे पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी तिकीट लावून केलेल्या चित्रपटाच्या खेळाच्या सात वर्षे आधी. सप्टेंबर १८९० मध्ये दीजों येथून पॅरिसच्या गाडीत बसलेले हे गृहस्थ पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत. ल्युमिएर यांच्यामागे ल्यों येथील छायाचित्रणाच्या काचा बनवणारा भरभराटीचा कारखाना होता, एडिसन यांच्याकडे प्रयोगशाळा आणि वकील होते. त्यांचे कर्तृत्व मी नाकारत नाही. पण ज्याच्यामागे दप्तर सांभाळणारे कोणी नव्हते, तो मागे पडला एवढे खरे.

दप्तराचे राहू द्या, यंत्रेही आपण राखलेली नाहीत. ज्या प्रोजेक्टरला मी रोज तेल घालत असे, तो डिजिटल यंत्र आल्यावर किलोच्या भावाने भंगारात गेला. सांगलीत दरवर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो. पडदे रंगवता रंगवता कॅमेऱ्याकडे वळलेल्या या दोघांची माहिती त्या दिवशी नाट्यगृहाच्या दालनात लावावी, आणि जिल्ह्यात कोणाकडे जुना प्रोजेक्टर उरला असल्यास तोही तेथे मांडावा, अशी आयोजकांना विनंती आहे. आपणही पुढील पुरवणीत आनंदरावांच्या नावासह दुरुस्ती छापावी, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त प्रोजेक्टर ऑपरेटर, सांगली