गोलाईभोवतीची माणसं गोलाईभोवतीच राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण २०२५ मध्ये आलं. ‘माझे घर, माझे अधिकार’ हे त्याचं ब्रीद आणि २०३० पर्यंत ३५ लाख घरं हे उद्दिष्ट. विद्यार्थी, नोकरदार महिला, ज्येष्ठ नागरिक, कामगार या सगळ्यांचा त्यात उल्लेख आहे, जुन्या वस्त्यांच्या पुनर्विकासाचाही आहे. वाचून बरं वाटलं. पण पुनर्विकास म्हटलं की सगळी चर्चा मुंबईच्या चाळी आणि पुण्याचे वाडे यांच्यापाशीच थांबते, लातूरसारख्या शहराच्या पोटात कोण राहतं हे कुणी विचारत नाही. मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता होतो. खडक हनुमानाच्या परिसरात जन्मलो, आजही तिथंच राहतो. त्या नात्यानं हे लिहीत आहे.

गंजगोलाई म्हणजे लातूरची मध्यवर्ती गोल बाजारपेठ. तिच्यातून १६ रस्ते फुटतात. कापड लाईन, भुसार लाईन, सराफ लाईन, जिकडं जावं तिकडं दुकानं. बाहेरून आलेल्याला दुकानंच दिसतात. दुकानांच्या मागच्या बोळात शिरलं की मग माणसं भेटतात. आडतीवरचे हमाल, डाळ मिलवर जाणाऱ्या बाया, शिंपी, हातगाडीवाले, पेढीवर हिशेब लिहिणारे. बाजार यांच्या जिवावर चालतो आणि हे बाजारापासून हाकेच्या अंतरावर राहतात म्हणून त्यांचा संसार चालतो. आमच्या गल्लीत एक वाडा आहे. सागवानी खांब, वर लाकडी फळ्यांचं किलचन, त्यावर दोन हात मातीचं सपाट छत म्हणजे माळवद, मधे चौक आणि चौकात आता कोरडा पडलेला आड. मालक पुण्याला असतात. आत सहा बिऱ्हाडं आहेत. त्यातल्या एक मावशी डाळ मिलवर जातात. त्यांच्या सासऱ्यांनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. आज त्या महिन्याला दीड हजार देतात, हातावर, रोख. भाडेपावती त्यांच्याकडं नाही, बाकीच्या पाच बिऱ्हाडांकडंही नाही.

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींना महापालिकेच्या नोटिसा निघतात. त्या निघायलाच हव्यात, भिंत कोसळून माणसं मरतात. पण नोटीस मालकाच्या नावानं येते. वाडा पाडला की मालक भूखंड विकायला मोकळा आणि आतली बिऱ्हाडं कागदावर कधी नव्हतीच. मराठवाड्यात पूर्वी हैदराबाद संस्थानाचा वारसा सांगणारा १९५४ चा भाडे कायदा होता, २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. इमारत पाडून नवी बांधली तर जुन्या भाडेकरूला तिच्यात जागा मागता येते, अशी तरतूद त्यात आहे. मात्र आपण भाडेकरू आहोत हे सिद्ध करायला पावती, करार असा काहीतरी पुरावा लागतो. तो या मावशींनी कुठून आणायचा?

त्याच वाड्याच्या शेजारी स्लॅबची तीन मजली इमारत झाली आहे. तिथंही पूर्वी चार-पाच बिऱ्हाडं होती, आता मुलांचं होस्टेल आहे. ट्यूशन एरियात, म्हणजे शिकवणी वर्गांच्या भागात, जागा पुरेनाशी झाली तशी होस्टेलं आमच्या गल्ल्यांपर्यंत आली. या पोरांनी लातूरचं नाव देशभर नेलं, त्यांना राहायला चांगली जागा मिळालीच पाहिजे. मालकालाही मी दोष देत नाही. एका खोलीत तीन कॉट टाकून जे उत्पन्न मिळतं ते एका हमालाच्या कुटुंबाकडून कधीच मिळणार नाही. म्हणूनच हे बाजारावर सोडून चालत नाही. विद्यार्थ्यांसाठी वेगळी वसतिगृहं नियोजनात धरली नाहीत, तर जुन्या शहरातली प्रत्येक स्वस्त खोली कॉटच्या भावानं जाईल.

आता नियमांकडं बघा. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता जवळपास सगळ्या राज्यासाठी एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यानुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प करायचा तर मूळ चटई क्षेत्राच्या, म्हणजे भूखंडावर जेवढं बांधकाम करता येतं त्याच्या, २० टक्के इतकी छोटी घरं अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात. तरतूद उत्तम आहे. पण ती १० लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांसाठी आहे. २०११ च्या जनगणनेत लातूरची लोकसंख्या होती ३ लाख ८२ हजार. नांदेड, परभणी, जालना यांपैकी कुणीच त्या रेषेच्या जवळपास नाही. सगळ्या मराठवाड्यात तेवढं मोठं शहर एकच, छत्रपती संभाजीनगर. आणि तिथंही गुलमंडीत किंवा रंगारगल्लीत ४,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास एक एकर, सलग भूखंड कुणाकडं असणार? म्हणजे जिथं स्वस्त घर सगळ्यात जास्त लागतं, नेमक्या त्या जुन्या गल्ल्यांपर्यंत हा नियम पोचतच नाही.

वाढीव चटई क्षेत्राचंही तसंच. ते रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. आमच्या दहा फुटी बोळाच्या वाट्याला काय येणार? मग रस्ता रुंद करा, अशी मागणी येते. रुंदीकरणात समोरच्या घरांचा पुढचा खण जातो आणि वाढलेल्या चटई क्षेत्राचा फायदा मागच्या मोठ्या भूखंडवाल्याला होतो. जुनं शहर असं तुकड्यातुकड्यानं हातचं जातं.

प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख मिळत आले आहेत. मात्र जागा अर्जदाराच्या नावावर हवी. आमच्याकडं एका पीआर कार्डावर, म्हणजे जागेच्या मालमत्ता पत्रकावर, तीन-तीन भावांची, कधी वारलेल्या आजोबांचीच नावं आहेत. भाडेकरूचा तर प्रश्नच येत नाही. त्यांना शहराबाहेरच्या मोठ्या प्रकल्पात घर घ्या म्हणतात. मावशींना तिकडून रोज येणं-जाणं शेअर रिक्षानं चाळीस रुपयांना पडेल. महिन्याला हजार रुपये रिक्षातच गेले, तर घराचा हप्ता कशातून भरायचा? आणि पहाटे ट्रक लागल्यावर आडतीवर हजर राहायचं असतं त्या हमालानं काय करायचं?

माणसं हलवणं आणि जागेवर घर नीट करून देणं, यातला फरक आपल्या जिल्ह्याला नव्यानं शिकवायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. तिथं जमिनीच्या मालकीप्रमाणं २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं दिली, भूमिहीनाच्या वाट्याला सगळ्यात लहान. रुंद रस्ते, सरळ ओळी, पण गोठ्याला जागा नाही, शेत लांब, भावकी एका टोकाला आणि शेजार दुसऱ्या टोकाला. जी गावं तितकी पडली नव्हती, तिथं घरमालकाच्या बँक खात्यात टप्प्याटप्प्यानं पैसे देऊन जागेवरच दुरुस्ती आणि मजबुतीकरण करून घेतलं. ते काम मी जवळून पाहिलं आहे. माळवदावर वर्षानुवर्षं चढत गेलेली माती उतरवायची, खांब आणि तुळईला कोपऱ्यात तिरपे आधार द्यायचे, दगडी भिंतीत आरपार भोक पाडून सळई घालून काँक्रीट भरायचं, वर पट्टा फिरवायचा. गावातला गवंडी हे शिकला, घरची बाई उभी राहून काम करून घेऊ लागली. त्या घरांत माणसं आजही राहतात.

म्हणून जुना प्रत्येक वाडा पाडलाच पाहिजे, हे मला पटत नाही. जे मोडकळीला आलं ते उतरवा, पण सागवान, दगड, फरशी पुन्हा वापरा. मे महिन्यात भर दुपारी माळवदाच्या खोलीत पंख्यावर झोप लागते, शेजारच्या होस्टेलच्या वरच्या मजल्यावर कूलर लावूनही पोरं जिन्यात येऊन बसतात. नव्या घराच्या छताचा विचार या उन्हापासून सुरू व्हायला हवा. आणि पाण्यापासूनही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर आहे. हजार चौरस फुटांच्या छतावर ७५० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ७० हजार लिटर पाणी होतं. वाड्यातला तो कोरडा आड गाळ काढून त्याला जोडला, तर फार खर्च येत नाही.

महापालिका, नगररचना विभाग आणि आपल्या लोकप्रतिनिधींना माझी विनंती अशी. चार-पाच शेजारच्या मालकांनी एकत्र येऊन मधला चौक राखत तळमजला अधिक तीन मजले बांधायचं ठरवलं, तर त्यांना अरुंद गल्लीतही सवलतीचं चटई क्षेत्र द्या. अट एकच ठेवा, की आधीची सगळी बिऱ्हाडं आत येतील आणि काही खोल्या ठरलेल्या भाड्यानं कायम राहतील. प्रधानमंत्री आवास योजना २.० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे, तो लातूरच्या जुन्या शहरासाठी वापरता येईल का ते तपासा. २० टक्क्यांचा नियम आपल्या आकाराच्या शहरांना लागू करा आणि त्याची भूखंडाची मर्यादा खाली आणा.

यातल्या काही गोष्टींना मंत्रालयातून बदल लागतील, वेळ जाईल. पण एक काम महापालिकेच्या हातात आजही आहे. धोकादायक इमारतीची नोटीस चिकटवायला माणूस येतो, तेव्हा त्याच्यासोबत टेप घेऊन एक अभियंता पाठवा. कोणत्या खोलीत कोण राहतं, किती चौरस फुटांत, कधीपासून, हे पंचनाम्यात लिहा, शेजाऱ्यांच्या सह्या घ्या आणि त्याची एक प्रत राहणाऱ्याच्या हातात द्या. एका वाड्याला अर्धा दिवस पुरतो. येत्या पावसाळ्याच्या नोटिसांपासून हे सुरू करता येईल, आणि निवृत्त असलो तरी टेप धरायला मी येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त कनिष्ठ अभियंता,
खडक हनुमान परिसर, लातूर