सतराच्या टीममध्ये मुली कमी पडतात म्हणून आठवीतल्या पोरीला वर ढकलू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरमध्ये शालेय स्पर्धांचे निकाल रोज येतात, फोटो येतात, ते आम्ही आवर्जून वाचतो. पण त्या निकालांच्या मागे एक गोष्ट चालते तिच्याबद्दल कुठे काही छापून आलेलं मी तरी वाचलं नाही, म्हणून हे पत्र. माझी मुलगी आठवीत आहे, वय १३, सॉफ्टबॉल खेळते, पिचर आहे, म्हणजे बॅटवालीला बॉल टाकणारी. मागच्या वर्षी शाळेने तिला चौदा वर्षांखालच्या टीममधून उचलून सतरा वर्षांखालच्या टीममध्ये टाकलं. आम्हाला तेव्हा इतका आनंद झाला होता की मी पेढे वाटले. घरात सगळ्यांना वाटलं, पोरगी पुढे गेली.

नंतर हळूहळू कळलं की तिला वर का घेतलं. ती खूप चांगली खेळते म्हणून नाही (खेळते चांगली, पण ते कारण नव्हतं), सतराच्या टीममधल्या चार मुली दहावीत गेल्या आणि त्यांच्या घरच्यांनी ग्राउंड बंद केलं म्हणून. सकाळी क्लास, दुपारी शाळा, संध्याकाळी परत क्लास, त्यात खेळ कुठे बसवणार, मी त्या आयांना दोष देत नाही, उद्या माझ्यावर तीच वेळ आहे. पण मैदानात नऊ जणी तर लागतात ना, बेंचवर पण चार हव्यात, मग खड्डा भरायला खालच्या गटातल्या पोरी ओढायच्या. ओळखीच्या अजून दोन शाळांमध्ये विचारलं तर तिथेही हेच. म्हणजे दहावीच्या वर्षाने जी जागा रिकामी होते ती सातवी-आठवीच्या मुली भरतात आणि आपण त्याला प्रमोशन म्हणतो.

आपल्याकडे वय कमी दाखवून खालच्या गटात खेळवण्यावर खूप बोललं जातं, ते बोललंच पाहिजे, केंद्र सरकारने २०१० मध्ये त्यासाठी नॅशनल कोड, म्हणजे देशभराची नियमावली पण आणली. पण उलटी बाजू, म्हणजे खरं वय असलेल्या लहान मुलीला मोठ्यांच्यात घालणं, यावर कोणाचंच लक्ष नाही, कारण त्यात कोणी खोटं बोलत नाही, सगळे कौतुकच करतात.

पहिले दोन महिने ती बेंचवर होती. ट्रॅकसूट नवीन, पाठीवर नंबर, आणि काम काय तर बाटल्या भरून आणणं आणि स्कोअरबुक लिहिणं. चौदाच्या टीममध्ये ती प्रत्येक मॅचला चार-चार इनिंग (डाव) बॉल टाकायची, दोन-तीनदा बॅटिंगला यायची. इथे अख्ख्या सीझनमध्ये बॅट हातात आली दोन वेळा. आणि एकदा सतराला नाव गेलं की चौदाच्या टीममध्ये तिचा विचारच होईना, तिथली तिची जागा दुसरीला दिली. बारा-तेरा वर्षांचं पोरगं खेळून शिकतं हो, बघून किती शिकणार. रात्री जेवताना मला म्हणाली, मम्मी मी आता प्लेअर आहे की नाही? मला उत्तर देता आलं नाही.

मग एक दिवस अचानक तिची गरज लागली. जिल्हास्तरावर एकाच दिवशी दोन मॅच होत्या, मोठ्या पिचरची क्लासमध्ये टेस्ट होती, ती आलीच नाही. माझ्या मुलीने सकाळची पूर्ण मॅच टाकली आणि दुपारचीही टाकली. ऊन, मध्येच पावसाची सर, काळ्या मातीत बुटाला चिकटलेला चिखल, आणि समोर बॅटला सोळा वर्षांच्या मुली. किती बॉल टाकले कोणीच मोजले नाहीत, मी गॅलरीत बसून टाळ्या वाजवत होते, मला तेव्हा कळत नव्हतं ना काही. टीम जिंकली, फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेसाठी वेणी घालायला बसली आणि उजवा हात खांद्याच्या वर जाईना. डाव्या हाताने कंगवा धरून आरशासमोर उभी होती, डोळ्यात पाणी आणि तोंडातून एक शब्द नाही, कारण सांगितलं तर सर टीममधून काढतील ही भीती. मीच बघितलं म्हणून कळलं.

डॉक्टरांनी समजावलं ते मी इथे सांगते, कारण प्रत्येक आईवडिलांना माहीत पाहिजे. मुलींची उंची झपाट्याने वाढते ती साधारण ११ ते १३ वर्षांत, आणि त्या काळात लांब हाडांच्या टोकाजवळ ग्रोथ प्लेट म्हणून भाग असतो तो कच्चा असतो, कूर्चेचा असतो, तिथून हाड वाढतं. मोठ्या माणसाचा जिथे स्नायू दुखावतो तिथे लहान मुलीची ही प्लेट दुखावू शकते. आणि आपल्याकडे एक पक्का समज आहे की सॉफ्टबॉलमध्ये बॉल खालून टाकतात म्हणजे खांद्याला काही होत नाही, कितीही टाका. हे चुकीचं आहे. विंडमिलमध्ये, म्हणजे खालून बॉल टाकायच्या या पद्धतीत, हात पूर्ण गोल फिरतो, आणि बॉल सुटायच्या आधी दंडाच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे बायसेप्सला, वरून फेकताना पडतं त्यापेक्षा जास्त काम पडतं. आमच्या नशिबाने फक्त सूज होती, सहा आठवडे विश्रांतीवर निभावलं.

शाळेतल्या सरांशी बोलले. ते मनाने वाईट नाहीत, स्वतःच्या पेट्रोलने पोरींना ग्राउंडवर नेतात हे मी डोळ्यांनी बघते. ते म्हणाले, ताई, बॉल तोच, अंतर तेच, मग चौदा काय आणि सतरा काय? यावर मी बरेच दिवस विचार केला. बॉल तोच १२ इंची, पिचरपासून बॅटवालीपर्यंतचं अंतर ४३ फूट, म्हणजे जेमतेम १३ मीटर, बरोबर. पण वेग तोच नाही ना. ताशी ६५ किलोमीटरने येणारा बॉल तेवढं अंतर कापायला पाऊण सेकंदाच्या आसपास घेतो, ९० ने येणारा अर्ध्या सेकंदात येतो. चौदातल्या मुलीचे डोळे आणि हात त्या पाऊण सेकंदाला सरावलेले असतात. आणि पिचर बॉल टाकून झाल्यावर बॅटच्या सगळ्यात जवळ तीच उभी असते, थर्ड बेसवाली बंट (बॅटने नुसता हळूच अडवलेला बॉल) पकडायला पुढे धावते ती पण तशीच जवळ. सोळा वर्षांच्या मुलीने जोरात मारलेला फटका तोंडावर आला तर ग्लोव्ह वर जायच्या आत लागतो. फेसमास्क घातलेली फिल्डर मी अजून आमच्या ग्राउंडवर पाहिली नाही, बॅटवालीच्या मागे बसणारी कॅचर सोडून.

अमेरिकेत दहा वर्षांखालच्या मुलींना ११ इंची बॉल आणि ३५ फुटांवरून पिचिंग देतात, बारा वर्षांखाली ४० फूट, आणि चौदाच्या गटापासून ४३. म्हणजे त्यांनी एकेक पायरी ठेवली आहे. तिथल्या लिटल लीग या मुलांच्या बेसबॉलमध्ये तर ११-१२ वर्षांच्या पिचरने दिवसाला ८५ च्या वर बॉल टाकायचेच नाहीत असा नियम आहे. आमच्या इथे मोजायला वही आणि पेन लागतो, बाकी काही लागत नाही, आणि वही तर बेंचवरच्या मुलीच्या हातात असतेच.

मोठ्यांच्यात खेळूच नये असं माझं म्हणणं अजिबात नाही, हे नीट लिहिते. आमच्याच टीममधली शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली फिल्डर) तेरा वर्षांचीच आहे, पण अंगापिंडाने भरलेली, दोन वर्षांपूर्वी पाळी आलेली, उंची मोठ्या मुलींच्या बरोबरीची. चौदात तिला कोणी आऊटच करू शकत नव्हतं, कंटाळली होती, अंगावर येणारा बॉल सुद्धा आळसाने उचलायची. ती वर गेली, प्रत्येक मॅच खेळली आणि दोन महिन्यांत तिचा थ्रो सुधारला. माझी मुलगी तिच्याच वर्गात, एकाच बाकावर बसते, पण खांद्यापर्यंत येते तिच्या. जन्मतारीख दोघींची तीन आठवड्यांच्या फरकाने. कागदावर दोघी सारख्या आणि मैदानात दोन वेगळ्या वयाच्या, आणि हा फरक बघायला डॉक्टर लागत नाही, डोळे लागतात.

कोणाशीही बोललं की सचिनचं नाव येतं, सोळाव्या वर्षी टेस्ट खेळला. अहो पण शेफाली वर्माचं पूर्ण उदाहरण बघा ना. २०१९ मध्ये १५ व्या वर्षी भारताकडून खेळली, सगळ्यांना आठवतं. पण तीच शेफाली सिनियर वर्ल्डकप खेळून झाल्यावर २०२३ मध्ये १९ वर्षांखालच्या टीमची कॅप्टन होऊन परत आपल्या वयाच्या मुलींमध्ये आली आणि तो पहिला वर्ल्डकप भारताला जिंकून दिला. कोणी म्हणालं नाही की ती खाली उतरली. सॉफ्टबॉलवाल्या पोरींना जपानची पिचर युकिको उएनो माहीत असते, बीजिंग ऑलिम्पिकला २००८ मध्ये दोन दिवसांत तीन मॅच मिळून ४१३ पिच टाकून जपानला गोल्ड मिळवून दिलं, सर पण तिचाच दाखला देतात. तेव्हा ती २६ वर्षांची होती. आणि टोकियो ऑलिम्पिकच्या फायनलला ३९ व्या वर्षी तिच्या मदतीला २० वर्षांची मिऊ गोतो होती, सहाव्या इनिंगला गोतो आली, सातवीला उएनो परत आली. जगातली सगळ्यात मोठी पिचर सुद्धा थोडं ओझं दुसरीला देते आणि आम्ही आठवीतल्या पोरीकडून दिवसाच्या दोन मॅच टाकून घेतो.

ग्रेस मार्क आणि पुढे नोकरीतलं पाच टक्के आरक्षण याचं पण दडपण असतं, पालकांकडूनच असतं, मान्य. सर्टिफिकेट मोठ्या गटाचं मिळालं तर बरं असं मलाही वाटलं होतं. पण आठवीतल्या मुलीला दहावीच्या मार्कांसाठी आत्ताच धावायची घाई काय आहे?

शाळांना आणि जिल्ह्याच्या स्पर्धा घेणाऱ्यांना माझी विनंती आहे. लहान मुलींना प्रॅक्टिस खुशाल मोठ्यांबरोबर द्या, त्यातून त्या भरपूर शिकतात, पण मॅच त्यांच्या वयाच्या गटात खेळू द्या, आणि वर न्यायचंच असेल तर तिला खेळायला मिळणार आहे का हे आधी ठरवा. पिचरचे बॉल मोजा, दिवसाला एकच मॅच. वर खेळणाऱ्या लहान मुलीला इनफिल्डमध्ये, म्हणजे बॅटजवळच्या जागांवर, मास्क द्या, शाळेकडे पैसे नसतील तर आम्ही पालक वर्गणी काढू. आणि एकदा तरी त्या मुलीला सरांसमोर नाही, मोठ्या मुलींसमोर नाही, एकटीला बाजूला घेऊन विचारा की तुला जायचंय का आणि कुठे दुखतंय का.

माझ्या मुलीला मी विचारलं. ती म्हणाली, मला चौदालाच टाकायचंय या वर्षी, माझी कॅचर तिथे आहे. खांदा आता बरा आहे, कालपासून भिंतीवर हळूहळू टाकायला लागली आहे, दिवसाला वीस, मी ओट्यावर बसून मोजते.

आपली,
एका पिचरची आई, जळगाव