पहिली ठासणीची रायफल: काकांना जाहीर आभाराचे पत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

गेल्या जानेवारीत आभार मानायला म्हणून मी मुद्दाम घरी आले होते, तेव्हा तुम्ही दोन वाक्यांत विषय बदललात आणि काकूंना चहा टाकायला सांगितलेत. समोर बसून तुम्ही काही बोलू द्यायचा नाहीत हे तेव्हाच कळले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर लिहिण्याचे कारण इतकेच की, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात आणि आसपास राहणाऱ्या ज्या मराठी माणसांना ठासणीच्या बंदुकीची, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या बंदुकीची, ओढ आहे पण हातात पैसा बेताचा आहे, त्यांना तुमच्यासारखे काका भेटतीलच असे नाही. तुम्ही मला जे शिकवलेत ते त्यांच्यापर्यंतही पोहोचावे, असे मनापासून वाटते.

माझी ओढ कुठून सुरू झाली हे तुम्हाला ठाऊक आहे. नाझरेथजवळच्या जेकब्सबर्गला, जिथे हेन्री घराण्याच्या अनेक पिढ्यांनी बंदुका घडवल्या, तिथल्या संग्रहालयात मी पेनसिल्व्हेनियाची लांब नळीची रायफल पहिल्यांदा जवळून पाहिली. अठराव्या शतकात जर्मन भाषक कारागिरांनी लँकेस्टरच्या परिसरात हे हत्यार विकसित केले. मेपलच्या लाकडाचा सडपातळ दस्ता, आतून हाताने पीळ (गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचा) पाडलेली नळी आणि चकमकीचा, म्हणजे दगड पोलादावर घासून ठिणगी पाडणारा, घोडा. आपणही अशी एखादी बंदूक चालवायला शिकावे, रीतसर प्रशिक्षण घेऊन हिवाळ्यात हरणाच्या शिकारीला जावे, हे त्या दिवशी मनात पक्के झाले. वर्षभरात मी 600 डॉलर बाजूला टाकले आणि एका दुकानात सवलतीत मिळणारी, दुर्बीण बसवलेली, मधोमध दुमडून उघडणारी नव्या पद्धतीची ठासणीची रायफल घ्यायचे ठरवून टाकले. तुम्हाला फोन केला तो फक्त दस्ता काळा घ्यावा की लाकडी रंगाचा, हे विचारण्यासाठी.

तुम्ही रंगाबद्दल अवाक्षर काढले नाहीत. "तुला रानात जायचंय कधी, ऑक्टोबरात की नाताळानंतर?" एवढेच विचारलेत. त्या एका प्रश्नाने माझे 600 डॉलर वाचले, असे मी आज म्हणते. पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर सुरू होणारा ठासणीचा हंगाम हा केवळ चकमकीच्या बंदुकांचा आहे. टोपीची (घोडा आपटून पेटणाऱ्या धातूच्या टोपीने बार उडवणारी) बंदूक त्यात चालत नाही, नव्या पद्धतीची चालत नाही, दुर्बीण चालत नाही. नळी 44 कॅलिबर (आतला व्यास 0.44 इंच) किंवा त्याहून मोठी हवी, असा नियम आहे. मला जायचे होते बर्फात, रानात माणसांची वर्दळ ओसरल्यावर. आणि मी विकत घेत होते ती बंदूक त्या दिवसांत घरीच ठेवावी लागली असती. दुकानातल्या विक्रेत्याने हे मला सांगितले नव्हते, कारण मी विचारले नव्हते.

तरीही तुम्ही त्या नव्या बंदुकीला नावे ठेवली नाहीत, हे इथे आवर्जून नोंदवते. टोनी नाइट यांनी 1985 साली एमके-85 ही रायफल बाजारात आणली, तेव्हापासून हा प्रकार रुळला. काडतुसी बंदुकीच्या टोपीने पेट घेणारी, साफ करायला सोपी आणि ओलसर हवेत भरवशाची अशी ती बंदूक ऑक्टोबरातल्या माद्यांच्या हंगामात खुशाल चालते, आणि ज्याला तेव्हाच जायचे आहे त्याने कमी पैशात तीच घ्यावी, असे तुम्ही स्वच्छ सांगितलेत. ज्या हंगामात जायचे त्या हंगामाची बंदूक घ्यायची, हा तुमचा आग्रह होता, आणि पहिल्यांदा खरेदी करणाऱ्या प्रत्येकाने तो धरावा, असे मला वाटते.

त्या रविवारी तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर विजेच्या बिलाच्या पाठीवर तुम्ही जो हिशेब मांडलात तो कागद मी जपून ठेवला आहे. 600 मधून 200 तुम्ही आधीच वजा केलेत आणि बंदुकीला 400 च्या वर एक पैसाही द्यायचा नाही, असे बजावलेत. त्या 200 मध्ये काय काय येते हे मला तोवर माहीतच नव्हते: नळीत भरायची दारू, घोड्यापुढच्या वाटीत घालायची, ठिणगीने पेटणारी बारीक दारू म्हणजे रंजक, शिशाच्या गोळ्या, चकमकीचे दगड, दारू मोजायचे पितळी माप, गोळी तोंडाशी बसवायची लाकडी मूठ, अडकलेली गोळी काढायचा स्क्रू, कान (वाटीतली आग नळीत नेणारे भोक) मोकळा करायची तार. पायरोडेक्ससारखी, काळ्या दारूला पर्याय म्हणून विकली जाणारी दारू स्वस्त मिळाली तरी चकमकीच्या बंदुकीत ती नको, कारण तिला पेटायला जास्त उष्णता लागते आणि ठिणगीवर ती भरवशाने पेट घेत नाही, हे तुम्ही दोनदा अधोरेखित केलेत. एका पौंडात 7000 ग्रेन, एका बाराला 70 ग्रेन, म्हणजे पौंडाला 100 बार, हा हिशेब तुमच्या अक्षरात आहे. खाली लाल शाईत लिहिले आहे की आधुनिक काडतुसांतली धूररहित दारू या नळीत चिमूटभरही घालायची नाही, नळी फुटते.

मधल्या काळात दोन मोह मला झाले, तेही सांगितले पाहिजेत. एक होता भारतात घडवलेल्या जुन्या बंदुकांच्या प्रतिकृतींचा. आपल्याकडच्या कारागिरांच्या हातची वस्तू, शिवाय किंमत कमी, म्हणून मी अगदी हरखून गेले होते. त्या बहुतेक गुळगुळीत नळीच्या असतात, ऐतिहासिक देखाव्यांसाठी विकल्या जातात आणि पुष्कळदा कान न पाडताच पाठवल्या जातात. रायफल म्हणजे नळीत पीळ हवा, हे तुम्ही शांतपणे समजावलेत. दुसरा मोह सुट्या भागांच्या संचाचा. दस्त्याला रंधा आणि कानस लावायचे काम ज्याने कधी केलेले नाही त्याने पहिल्याच बंदुकीवर तो प्रयोग करू नये, हे तुमचे म्हणणे मी मानले.

मग आपण जुन्या बंदुका पाहायला निघालो. त्या दुकानातला प्रसंग मी जन्मभर विसरणार नाही. मांडणीत उभी असलेली 275 डॉलरची एक देखणी रायफल मला दिसताक्षणी आवडली आणि मी घोडा ओढून पाहायला हात पुढे केला. तुम्ही माझे मनगट धरलेत. दुकानदाराची परवानगी घेऊन तुम्ही गज (गोळी ठासायची काठी) नळीत तळापर्यंत सोडलात, नळीच्या तोंडाशी अंगठ्याच्या नखाने खूण धरलीत, गज बाहेर काढलात आणि तोच नळीला बाहेरून लावून धरलात. गजाचे टोक कानापर्यंत पोहोचायला हवे होते, ते तीन बोटे अलीकडेच थांबले. बंदूक भरलेली होती. कोणी, कधी भरून ठेवली होती कोण जाणे, पण दारू कोरडी राहिली तर ती वर्षानुवर्षे जिवंत असते. आवाज न चढवता तुम्ही दुकानदाराला ते दाखवलेत आणि ती बंदूक मांडणीतून काढून आत जाईपर्यंत तिथून हलला नाहीत. त्या दुकानात माझ्याआधी किती जणांनी तो घोडा ओढून पाहिला असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्यानंतरची दुसरी बंदूक बाहेरून चकचकीत होती. तुम्ही गजाला पांढरे कापड गुंडाळून नळीत फिरवलेत. ते जागोजागी अडकले आणि बाहेर आले तेव्हा विटकरी रंगाचे होते, कडा फाटलेल्या. आतून गंज चढून खड्डे पडलेली नळी गोळीभोवतीचे कापड फाडते, मग नेम राहत नाही आणि साफसफाईही नीट होत नाही. बाहेरचा डाग चालेल, दस्त्याला ओरखडा चालेल, नळीच्या आत आणि घोड्याच्या यंत्रात तडजोड नको, असे परतीच्या वाटेवर तुम्ही म्हणालात. कमी पैशात बंदूक घेताना सौंदर्यावर पाणी सोडायचे ते याच हिशेबाने.

तिसरी मिळाली ती थॉम्पसन सेंटर कंपनीची हॉकन, 50 कॅलिबरची, चकमकीची, एका शेतकरी कुटुंबाच्या घरी, 340 डॉलरला. हॉकन बंधू सेंट लुईसचे, ही बंदूक त्यांच्या नावाची पण न्यू हॅम्पशायरमध्ये घडलेली. लँकेस्टरच्या लांब रायफलीचे माझे स्वप्न तिच्यात पुरे होत नव्हते आणि ते तुम्ही माझ्या चेहऱ्यावर वाचलेत. पण कापड अख्खे आणि राखाडी बाहेर आले. नळीचा पीळ 48 इंचांत एक फेरा घेणारा होता. निव्वळ गोल गोळीसाठी 66 इंचांत एक इतका मंद पीळ अधिक चांगला, लांबट गोळ्यांना 28 इंचांत एक असा घट्ट पीळ लागतो, आणि 48 चा मधला पीळ माफक दारूवर गोल गोळी नीट फेकतो, हे तुम्ही तिथे उभ्या उभ्या समजावलेत. घोडा अर्ध्यावर चढवून चाप जोरात दाबून पाहिलात. तो सुटला नाही. मग घरमालकिणीच्या परवानगीने गॅरेजचा दिवा मालवलात आणि रिकाम्या बंदुकीचा घोडा पुरा ओढून सोडलात. चकमक पोलादी पट्टीवर घासली आणि पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्यांचा झुपका थेट वाटीत पडून क्षणभर तिथेच चरचरला. "ही घे," असे तुम्ही म्हणालात तेव्हा मी किमतीत घासाघीस करायचेही विसरले.

कायद्याच्या बाबतीतही तुम्ही मला गाफील राहू दिले नाही. ठासणीची बंदूक अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात सामान्य बंदुकांत मोडत नाही, म्हणून व्यवहार सोपा झाला. परंतु डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत गेले की नियम वेगळे आहेत आणि बंदूक गाडीत घालून तिकडे सहज जायचे नाही, हे तुम्ही सांगितले नसते तर मला कळले नसते.

आणि काकूंचे आभार वेगळे मानायला हवेत. गोळीभोवती गुंडाळायला जाड, घट्ट विणीचे, निव्वळ सुती कापड लागते, कारण कृत्रिम धागा नळीत वितळतो. विकतच्या चकत्या महाग पडत होत्या. काकूंनी जुन्या गादीच्या खोळीचे निळ्या पट्ट्यांचे कापड काढले, दोनदा धुऊन खळ घालवली, तुम्ही ते कॅलिपरने मोजलेत, 0.015 इंच भरले, आणि 0.490 इंचाच्या गोळीला ते चपखल बसले. आजही मी तेच वापरते.

नेमबाजीच्या मैदानावरचा पहिला बार फुसका गेला. वाटीतली रंजक भप्पकन उडाली, धूर झाला, नळी मात्र गप्प. मी बंदूक खाली घेऊ लागले, तशी तुम्ही पाठीमागून "तोंड निशाणाकडेच ठेव" म्हणालात आणि पूर्ण एक मिनिट मोजायला लावलेत, कारण आत धुमसत राहिलेला बार उशिरानेही उडतो. मग तारेने कान टोचला, नवी रंजक घातली आणि बार उडाला. साठवणीचे तेल भरण्याआधी पुसले नव्हते, चूक माझी होती. मागचा चाप ओढून पुढचा हलका करायचा, माशी (नळीवरचा नेम धरायचा उंचवटा) स्थिर धरायची आणि ठिणगी पडल्यावरही डोळा हलवायचा नाही, हे तीन शनिवारांत जमले. चौथ्या शनिवारी 50 यार्डांवर पाच गोळ्या माझ्या तळहाताखाली झाकल्या गेल्या.

त्या दिवशी परतताना तुम्ही संगमेश्वराकडच्या तुमच्या घरातल्या ठासणीच्या बंदुकीविषयी पहिल्यांदा बोललात. भातावर येणाऱ्या रानडुकरांसाठी वडिलांना शेतीसंरक्षणाचा परवाना होता, निवडणूक आली की ते बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला चालत जात आणि तुम्ही शिंगाडे (दारू ठेवायचे शिंग) खांद्याला अडकवून मागे असायचात. बार उडाला त्या दिवशी गरम पाण्याने नळी धुतल्याखेरीज वडील जेवायला बसत नसत, असे तुम्ही सांगितलेत. जळलेल्या दारूची राख हवेतले पाणी ओढून घेते आणि एका रात्रीत लोखंड खाते, हे पुस्तकी कारण मला नंतर कळले. मीही मैदानावरून आले की घोड्याचे यंत्र उतरवते, खिट्टी काढून नळी दस्त्यातून सोडवते, साबणाच्या गरम पाण्याच्या बादलीत उभी करते आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत गज मारते, जेवण त्यानंतर.

पहिल्या हंगामात मला हरीण मिळाले नाही. तिसऱ्या दिवशी एक मादी ओढ्यापलीकडे बराच वेळ उभी होती, पण अंतर 70 यार्डांच्या आसपास होते आणि तुम्ही घालून दिलेली मर्यादा 50 ची. बर्फ भुरभुरत होता, म्हणून तुम्ही सांगितल्याप्रमाणे दर तासाला वाटीतली रंजक बदलत बसले होते. ती निघून गेली आणि मी घोडा अलगद उतरवला.

600 पैकी 41 डॉलर अजून शिल्लक आहेत. त्यातून चांगल्या इंग्लिश काळ्या चकमकीचे एक डझन दगड मागवले आहेत. ते आले की शनिवारी घेऊन येते, सहा तुमचे. काकूंना सांगा, खोळीचे कापड संपत आले आहे.

तुमची ऋणी,
तुमच्या हाताखाली शिकलेली पुतणी