फ्रोझनचा निकाल आणि अंतिम अहवाल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अंडाशयाच्या गाठीची शस्त्रक्रिया चालू असताना दिलेला ‘फ्रोझन सेक्शन’चा, म्हणजे गाठीचा तुकडा गोठवून केलेल्या तातडीच्या तपासणीचा, निकाल आणि काही दिवसांनी हाती येणारा अंतिम अहवाल यांत फरक पडला, की नातेवाइकांचा विश्वासच उडतो. म्हणून या तपासणीचा आवाका किती, हे एक पॅथॉलॉजिस्ट म्हणून लिहीत आहे.

अशा गाठीत आधी सुई घालून तुकडा घेणे सहसा टाळतात, कारण गाठ फुटून पेशी पोटात सांडण्याचा धोका असतो. गाठ अखंड काढून आमच्याकडे येते. तिचा तुकडा उणे वीस अंशांच्या आसपास गोठवून, पातळ काप रंगवून, साधारण अर्ध्या तासात सर्जनला निकाल कळवावा लागतो, आणि तोवर रुग्ण भुलीखालीच असते.

वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात ३८ अभ्यासांतील ११ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती होती. फ्रोझनमध्ये ‘कर्करोग’ म्हटलेल्या सरासरी ९९ टक्के आणि ‘साधी गाठ’ म्हटलेल्या ९४ टक्के स्त्रियांचा अंतिम निकाल तोच राहिला; मात्र ‘बॉर्डरलाइन’, म्हणजे साधी गाठ आणि कर्करोग यांच्या सीमेवरची, म्हटलेल्यांपैकी २१ टक्के जणींना अखेर कर्करोगच निघाला.

याचे कारण गाठीतच असते. चिकट द्रवाने भरलेल्या मोठ्या म्युसिनस गाठीत एक कप्पा साधा, शेजारचा बॉर्डरलाइन आणि एखाद्या कोपऱ्यात कर्करोग असू शकतो. अंतिम तपासणीत अशा गाठीच्या दर सेंटिमीटरमागे निदान एक तुकडा पाहतात; फ्रोझनला एक-दोन तुकड्यांपुरताच वेळ मिळतो. बोटांनी चाचपून घट्ट, पांढरट भाग निवडला, तरी नेमकी जागा हुकू शकते.

म्हणूनच, मूल हवे असलेल्या तरुणीचे गर्भाशय आणि दुसरे निरोगी अंडाशय केवळ बॉर्डरलाइन निकालावर काढू नये, अंतिम अहवालात कर्करोग निघून पुढे दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली तरी चालेल, असे माझे ठाम मत आहे.

सोलापुरात पंढरपूर-अक्कलकोटप्रमाणेच कर्नाटकातील इंडी-आळंदकडूनही रुग्ण येतात. दुसऱ्या शस्त्रक्रियेची ही शक्यता संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वीच, गरज असेल तेथे कन्नडमध्ये, रुग्णाला समजावून सांगावी. सर्जन मंडळींना विनंती, की गाठीसोबत नुसते ‘डावे अंडाशय’ लिहिलेली चिठ्ठी न पाठवता वय, सोनोग्राफी, सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगात वाढू शकणाऱ्या प्रथिनाची रक्ततपासणी) आणि पोटात काय दिसले तेही कळवावे.

— एक पॅथॉलॉजिस्ट, सोलापूर