हात बांधून वक्तृत्व?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. पाठांतर, विराम, आवाजाची फेक हे सगळे पटले. ‘हात पाठीमागे बांधून ताठ उभे राहा’ हा सल्ला मात्र नाही पटला.

बोलणे हे डोक्याइतकेच अंगमेहनतीचे काम आहे. साध्या गप्पांतही आपण सेकंदाला १० ते १५ ध्वनी उच्चारतो. त्यासाठी जीभ, ओठ, जबडा, स्वरयंत्र आणि श्वासाचे स्नायू एकमेकांशी ताल धरून चालावे लागतात. मेंदूच्या ज्या पट्ट्यातून तोंडाच्या हालचालींचे हुकूम सुटतात, त्यातच शेजारी हाताची जागा आहे.

हातवारे केवळ श्रोत्यांना दाखवायला असतात म्हणावे, तर जन्मांध मुले ते का करतात? आयव्हर्सन आणि गोल्डिन-मेडो या संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले, की कधीही कोणाचे हातवारे न पाहिलेली ही मुले बोलताना हात हलवतात, अगदी ऐकणारा दृष्टिहीन असला तरीही. त्याआधी १९९६ मधल्या एका प्रयोगात हात हलवायची मनाई केली, तेव्हा जागा, दिशा, हालचाल यांचे वर्णन करताना लोक अडखळू लागले. बाकीच्या मजकुरावर तसा परिणाम दिसला नाही, हेही सांगायला हवे.

मला सर्वांत नवल वाटले ते विम पाऊ आणि सहकाऱ्यांच्या २०२० मधल्या प्रयोगाचे. एकच स्वर लांबवत असताना हात हलवला, तर त्याचा धक्का छातीपर्यंत पोचतो, श्वासाचा दाब बदलतो आणि आवाजात चढउतार उमटतो. तो इतका स्पष्ट, की नुसता आवाज ऐकून श्रोत्यांनी आपला हात बोलणाऱ्याच्या हाताच्या लयीत हलवून दाखवला! म्हणजे ‘आवाजाची फेक’ शिकवायची आणि हात बांधायचे, हे जरा उफराटेच.

घाबरलेल्या मुलाचा बोटे मोडण्याचा चाळा थांबवावा, ते ठीक. पण ठरावीक वाक्याला ठरावीक हात, अशी कवायतही नको. परीक्षकांनी ‘हात फार हलवतो’ म्हणून गुण कापण्याआधी एवढेच पाहावे, की मुलाचे हात त्याच्या बोलण्याच्या ठेक्यावर पडताहेत का. पडत असतील, तर गुण कशाचे कापायचे?

आपला,
एक वाचक