‘निरंक’ लिहिलेल्या वस्त्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एका स्थानिक स्वराज्य संस्थेच्या तक्रार विभागात मी कारकून म्हणून २१ वर्षे काम केले. महिनाअखेरीस प्रभागवार तक्त्यात तक्रारींचे आकडे भरायचे आणि जिथून एकही अर्ज आलेला नाही तिथे ‘निरंक’ लिहायचे, हे माझ्याकडे होते. साहेब तक्ता बघून समाधानाने सही करत. ज्या वस्त्यांपुढे मी सर्वांत जास्त वेळा ‘निरंक’ लिहिले, त्याच वस्त्यांत पाणी सर्वांत कमी येत होते, हे ध्यानात यायला मला फार वर्षे लागली. ती बोच अजून जात नाही, म्हणून हे पत्र.

पाणी दहा मिनिटे उशिरा आले तर काही भागांतून दुपारपर्यंत चार अर्ज येत. जिथे नळच नव्हता तिथून अर्ज येत नसे. कारणे खिडकीच्या आत बसणाऱ्याला दिसत नाहीत. कचेरी उघडते ती लोकांच्या कामाच्या वेळेत, म्हणजे एका अर्जासाठी दिवसाची मजुरी बुडवायची. अर्ज लेखी हवा, सोबत रहिवासी पुरावा हवा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे तोच नसतो. आणि सर्वांत मोठे कारण भीतीचे. गटार तुंबल्याची तक्रार करावी आणि गटार साफ करणाऱ्यांऐवजी अतिक्रमण पथक दारात उभे राहावे, ही धास्ती ज्याच्या मनात आहे तो तुंबलेल्या गटाराशेजारी गप्प राहतो. त्याच्या गप्प बसण्याला आम्ही समाधान समजत होतो.

मग निधी कुठे जातो? तक्रारींच्या मागे. नळदुरुस्ती, दिवाबत्ती, झाडलोट या सगळ्यांचे वेळापत्रक नोंदवही बघून ठरते. ज्याला आधीच सेवा मिळते त्याला तिच्यातली उणीव कळते, अर्ज कुठे द्यायचा तेही ठाऊक असते. त्यामुळे कुणाच्या मनात भेदभाव नसतानाही ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच आणखी जात राहते. ‘सर्व नागरिकांना समान सेवा’ हे वाक्य मी स्वतः कित्येक ठरावांत टंकलेले आहे. ते लिहिणाऱ्यांचा हेतू खोटा होता असे मला वाटत नाही. पण ठराव करणे आणि माणसाच्या ओंजळीत पाणी पडणे यांत मोठे अंतर असते.

हे अंतर किती असू शकते ते महाडने दाखवले आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळाने संमत केला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर न्याय झाला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसे घेऊन त्या तळ्यावर जावे लागले, आणि पाणी प्यायल्याबद्दल त्या माणसांनी मार खाल्ला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळ्याच्या वादात अस्पृश्यांच्या बाजूने उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. मला त्यात पुन्हा पुन्हा दिसतात ती १९२४ ते १९२७ ही तीन वर्षे. हक्क जाहीर झाला होता, पण तो बजावता येईल अशी व्यवस्था करणे कुणाचेच काम नव्हते. माझ्यासारखा एखादा कारकून तिथे असता, तर त्या तीन वर्षांत तळ्याबद्दल तक्रार ‘निरंक’ असेच त्याने लिहिले असते.

तक्रारीची वाट न पाहता गरज शोधणाऱ्या शहरांची उदाहरणे आहेत. व्हिएन्नात नव्वदच्या दशकात असे आढळले की साधारण दहा वर्षांच्या झाल्या की मुली सार्वजनिक बागांत दिसेनाशा होतात. एकाही मुलीने अर्ज केला नव्हता. मोकळे मैदान मोठ्या मुलांनी व्यापले की त्या निमूटपणे घरी जात. १९९९ साली शहराने दोन बागांची रचना बदलली. एका मोठ्या जागेचे लहान भाग केले, पायवाटा केल्या, वेगवेगळ्या खेळांना जागा दिली. मुली परत आल्या. हे मला फार मोलाचे वाटते, कारण इथे कचेरीने माणसांच्या नसण्याची नोंद घेतली. कोलंबियाच्या बोगोटा शहराने २०२० पासून ठिकठिकाणी अशी केंद्रे काढली आहेत, जिथे घरातल्या मुलांची, म्हाताऱ्यांची देखभाल करणारी बाई येते, कपडे धुऊन घेते, शिकते, आणि तेवढा वेळ त्यांना दुसरे कुणी सांभाळते. अशा बाईला तक्रार करायला वेळच नसतो, हे त्या शहराने ओळखले.

पैशाच्या वाटपाबद्दल ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराचे नाव घ्यावे लागेल. १९८९ पासून तिथे नागरिकांच्या सभा अंदाजपत्रकातल्या कामांचा अग्रक्रम ठरवू लागल्या. सभांइतकाच महत्त्वाचा होता तो वाटपाचा हिशोब. लोकांनी काय मागितले याच्या जोडीला त्या भागात सेवांचा तुटवडा किती आणि लोकसंख्या किती यालाही गुण होते. मागणी कितीही मोठ्या आवाजात झाली तरी तुटवड्याचे गुण त्यातून मिळत नव्हते. पुढे राजकारण बदलले तशी ती पद्धत क्षीण झाली, हेही खरे. पण हिशोब उघड होता, म्हणून भांडता येत होते.

‘कर आम्ही भरतो, आधी आमचे रस्ते करा’ असे यावर म्हटले जाते. भाडेकरूच्या भाड्यात घरमालकाचा मालमत्ता कर असतोच. शिवाय ज्याच्या घरी नळ नाही, तो विकतच्या पाण्याला दर लिटरमागे नळवाल्यापेक्षा जास्त मोजतो. सेवा न मिळण्याची किंमत तो रोज भरत असतो, फक्त तिची पावती कुणी देत नाही.

आपल्या वृत्तपत्राने प्रशासनाकडे हे मागावे अशी माझी विनंती आहे. अंदाजपत्रक मांडण्याआधी प्रत्येक प्रभागात किती माणसांमागे किती नळ, किती दिवे, किती शौचालये आणि दवाखाना किती अंतरावर, याचा तक्ता जाहीर व्हावा. त्यात तक्रारींचा संबंध नको. तक्रार तोंडी सांगितली तर ती लिहून घेणे कारकुनाचे काम असावे, आणि खिडकी आठवड्यातून दोनदा तरी संध्याकाळी उघडी असावी. तक्रारदाराचे नाव-पत्ता अतिक्रमण विभागाकडे जाणार नाही याचा लेखी आदेश निघावा. याविना बाकीचे व्यर्थ आहे, असे अनुभवाने सांगतो. आणि त्या मासिक तक्त्यात ज्या वस्तीपुढे सलग दोन महिने ‘निरंक’ येईल, तिथे तिसऱ्या महिन्यात सही करणाऱ्या साहेबांनी स्वतः जाऊन नळ उघडून बघावा.

आपला,
एक निवृत्त कारकून